चौतीस माणसं आणि पासष्टचं भिंग

"मागे सरक!" अंगणाच्या पलीकडच्या टोकावरून नाना बोआदी ओरडले.

"मागे भिंत आहे, नाना!" काळ्या फडक्याच्या आतून न्सिया ओरडला.

"मग भिंतीला टेक."

"टेकलोय! मी भिंतीला टेकलोय आणि कॅमेरा माझ्या पोटाला टेकलाय. आता स्वयंपाकघर पाडलंत तरच मागे सरकता येईल."

"स्वयंपाकघर पाडायचं नाही," भिंतीपलीकडून फोसुआ मावशीचा आवाज आला. "आत सूप उकळतंय."

न्सियाने फडक्यातून डोकं बाहेर काढलं. ते घामाने भिजलेलं होतं आणि रागाने लाल झालं असतं, पण माम्पोंगच्या उन्हात वाढलेल्या माणसाचा राग रंगावरून कळत नाही, आवाजावरून कळतो. अंगणात त्याच्या आईकडचं अख्खं घराणं घोड्याच्या नालासारख्या अर्धगोलात बसलं होतं. खोलात मधोमध, कोरीव खुर्चीवर, घराण्याचे प्रमुख नाना बोआदी. त्यांच्या दोन्ही बाजूंना मानाप्रमाणे माणसं उतरत आलेली आणि पार टोकांना, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, ज्यांना कुणी विचारत नाही ती. एकूण चौतीस. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर त्यातली एकोणीसच मावत होती, तीही उलटी.

"दोन फोटो काढतो," न्सिया म्हणाला. "अर्धे आधी, अर्धे नंतर."

"घराणं काय दुभंगलंय?" नाना गरजले. "एका फोटोत, याच अंगणात, याच कॅमेऱ्याने. नाहीतर दुकान बाडूला. ठरलंय ते ठरलंय."

टोकाच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला बाडू गोड हसला. हा न्सियाचा मावसभाऊ. ते हसू बघून न्सियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भांडण होतं ते अंकोमा मामाच्या फोटोच्या दुकानावरून. मामाला जाऊन वर्ष होत आलं होतं. मामाचं जे असेल ते भाच्याकडे जायचं ही इथली रीतच, पण भाचे होते दोन. न्सियाने वीस वर्षं त्या दुकानाच्या अंधाऱ्या खोलीत मामाच्या हाताखाली बोटं काळी केली होती. बाडूने त्या वीस वर्षांत दुकानात पाऊल टाकलं होतं ते उन्हातून सावलीला म्हणून. आता मात्र त्याला तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं आणि मामाचा तो थोरला लाकडी कॅमेरा, चामड्याच्या भात्यासकट, दारात शोभेला ठेवायचा होता. "शोभेला!" हा शब्द न्सियाने ऐकल्यापासून रात्रीच्या जेवणात त्याने बायकोशी दुसरा विषय काढला नव्हता. मग नानांनी तोडगा काढला: वर्षश्राद्धाच्या दिवशी जुन्या कॅमेऱ्याने सगळ्या घराण्याचा एक फोटो. जमलं तर दुकान न्सियाचं.

वर्षश्राद्धाला दहा दिवस होते आणि आजची ही रंगीत तालीम साफ फसली होती.

"रुंद भिंग आणावं लागेल," न्सिया दात-ओठ खात म्हणाला.

"आण की मग," नाना म्हणाले. "आम्ही काय हात धरलाय?"

दुसऱ्याच दिवशी तो पहाटेच्या भाड्याच्या ट्रोट्रो गाडीने आक्र्याला गेला. वाटेत गाडी दोनदा बंद पडली आणि शेजारच्या बाईची कोंबडी त्याच्या मांडीवर बसून आली, म्हणजे लॅम्प्टींच्या दारात पोचला तेव्हा स्वारी चांगलीच तापलेली होती. लॅम्प्टी हे म्हातारे गृहस्थ जुनी भिंगं बाळगून होते. त्यांनी शांतपणे हातातली मक्याची केंकी संपवली, बोटं धुतली, आणि मऊ कापडातून दोन भिंगं काढून टेबलावर ठेवली.

"हे नव्वदचं, हे पासष्टचं. आकडा लहान तितकं जास्त मावतं. तुम्ही नव्वदचं न्या."

"त्यात चौतीस माणसं मावतील?"

"दोन ओळींत बसवलीत तर आरामात."

"आमच्यात कुणी कुणाच्या मागे बसत नाही!"

"मग कसे बसता?"

न्सियाने हाताने हवेत अर्धगोल काढला. म्हाताऱ्याने तो बघितला आणि मान हलवली. "अशा बैठकीला पासष्टचं अजिबात नेऊ नका. त्याची एक खोड आहे. जो जवळ तो—"

"खोड आमच्या बैठकीत काढता का?" न्सिया भडकला. आतापर्यंत कोंबडीनेही त्याचा पुरेसा अपमान केला होता. "तुम्ही समुद्राकाठची माणसं आम्हाला बसायला शिकवणार? बैठक आमची, मामा आमचा, फोटो आमचा! पासष्टचं बांधा!"

"अहो, पण ऐकून तरी—"

"बांधा म्हटलं ना!"

लॅम्प्टींनी बांधलं. चाळीस वर्षं भिंगं विकलेल्या माणसाला गिऱ्हाईक कधी बहिरं होतं हे कळतं. एवढंच म्हणाले, "बदलायला आलात तर पावतीचा कागद जपून आणा."

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. मद्याची धार जमिनीवर सोडून पूर्वजांना बोलावणं झालं, ढोल झाले, आणि घराणं पांढऱ्या-काळ्या कपड्यांत अर्धगोलात बसलं. न्सिया फडक्यात शिरला. मावली! चौतीसच्या चौतीस मावली. काच कडेला इतकी अंधारी होती की टोकाला माणूस आहे की मडकं ते कळत नव्हतं, पण खुर्च्या मोजून भरल्या. त्याला इतका आनंद झाला की त्याने नेहमीच्या आवाजात सगळ्यांवर खेकसून घेतलं. "हलू नका! श्वास नंतर घ्या! बाडू, गुडघे आवर!"

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कागदावर घराणं उमटू लागलं. आधी उमटले ते दोन गुडघे. मोठे, गोल, एकेक रताळ्याच्या ढिगाएवढे. त्यांच्यामागे बाडू, अर्धा फोटो व्यापून. दुसऱ्या टोकाला फोसुआ मावशी, तिचा चेहरा आडवा पसरून परातीएवढा झालेला. मग माणसं लहान लहान होत गेली. न्सिया मध्यावर काही उमटायची वाट बघत राहिला. शेवटी त्याने मामाचं जाड भिंग डोळ्याला लावलं तेव्हा कोरीव खुर्ची सापडली आणि खुर्चीत भुईमुगाच्या दाण्याएवढे नाना बोआदी सापडले.

"जो जवळ तो मोठा," न्सिया अंधारात म्हणाला. "जो लांब तो लहान. मेल्या लॅम्प्टी, हे ओरडून का नाही सांगितलंस?"

नानांनी फोटो बघितला. चष्मा पुसला, परत बघितला.

"हा कोण?" त्यांनी मधल्या दाण्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही, नाना."

"आणि हा डोंगर?"

"बाडूचा गुडघा."

"म्हणजे या घराण्यात," नानांचा आवाज हळूहळू चढत गेला, "बाडूचा गुडघा माझ्यापेक्षा थोर! पूर्वजांनी वरून बघितलं तर काय म्हणतील? प्रमुख कोण, तर गुडघा?"

"निदान मी अख्खी तरी आले," मागून फोसुआ मावशी म्हणाली. ती फोटो लांब धरून कौतुकाने बघत होती. "चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या दाराशी बसतेय. आजवरच्या फोटोंत माझा फक्त कोपर आलाय."

"तू गप्प बस, फोसुआ! न्सिया, येत्या शनिवारी परत. आणि या वेळी मी दाणा दिसलो तर रविवारच्या बैठकीत किल्ली बाडूकडे."

न्सिया घरी आला तो भांडी आपटत. आपटायला हाताशी भांडीच होती. बायको पोकुआ बाजारात टोमॅटो विकून नुकतीच आली होती. ती दुसऱ्या घराण्यातली, त्यामुळे फोटोत नव्हती आणि सबंध प्रकरण तिला मनापासून आवडत होतं.

"अहो, म्हणजे कडेला बसलेला माणूस मोठा दिसतो?"

"त्या नतद्रष्ट भिंगातून दिसतो! उद्या मी ते बदलून नव्वदचं आणतोय."

"आणि मधला बारीक?"

"दाणा! भुईमुगाचा दाणा! किती वेळा सांगू?"

पोकुआने पुढचं, म्हणजे भिंग बदलायचं, ऐकलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी बाजारात टोमॅटोच्या प्रत्येक ढिगाबरोबर तिने 'कडेचा मोठा, मधला दाणा' एवढंच वाटलं. दुपारपर्यंत ते घराण्यातल्या चौतीसही माणसांच्या कानावर गेलं होतं.

न्सिया मात्र आक्र्याला गेला, कागद दाखवला, मान खाली घालून नव्वदचं भिंग घेऊन आला. लॅम्प्टींनी ते आधीच बांधून ठेवलं होतं, त्याचाही त्याला राग आला. शनिवारी पहाटे उठून त्याने अंगणात खडूने खुणा केल्या: मागच्या भिंतीशी सतरा-सतराच्या दोन ओळी, मधोमध नानांची कोरीव खुर्ची. दोन ओळींना नाना कुरकुरत का होईना, तयार झाले होते. प्रत्येक खुणेवर खुर्ची ठेवून, काचेवर सगळं मोजून तो फिल्म भरायला आत गेला.

बाहेर येऊन फडक्यात डोकं घातलं तर काचेवर अंगण रिकामं.

त्याने फडकं भिरकावलं. माणसं होती, सगळी होती. आपापली खुर्ची उचलून दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून ती पुढे, अगदी कॅमेऱ्याच्या दोन्ही कानांशी येऊन दाटीवाटीने बसली होती. एका मामेआजोबांनी खुर्चीसाठी बाडूला कोपराने ढोसलं होतं आणि बाडू त्यांच्या मांडीवरच बसू बघत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी, फोसुआ मावशीच्या नेहमीच्या स्टुलावर, उंची कापड सावरत, नाना बोआदी विराजमान झाले होते.

"नाना! हे काय? खुणांवर बसा!"

"मला शहाणपण शिकवू नकोस. कडेचा मोठा, मधला दाणा. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

"ते जुनं भिंग! हे नवं आहे! यात कडेचा येतच नाही!"

"बघा, बघा," नाना लोकांकडे वळले. "मला परत मधे न्यायचा डाव आहे याचा."

"मामाशप्पथ सांगतो!"

"वर्षभर ओरडतोयस तू. तुझं खरं ओरडणं कुठलं आणि खोटं कुठलं, हे कुणी ओळखायचं?"

तेवढ्यात फोसुआ मावशी हातात लाकडी पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. आपल्या स्टुलावर नाना दिसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अंगणात एकच जागा रिकामी होती. पहाटेपासून उभं राहून तिचे पाय भरून आले होते. ती सरळ चालत गेली आणि कोरीव खुर्चीत टेकली.

"अगं, ऊठ तिथून!" नाना अर्धे उठले.

"मग तुम्ही या इथे. मी माझ्या स्टुलावर जाते."

नानांनी मधल्या खुर्चीकडे बघितलं, भुईमुगाचा दाणा आठवला, आणि ते परत स्टुलावर घट्ट बसले. "राहू दे. ती दाणा होतेय तर होऊ दे. न्सिया, काढ!"

"नाना, शेवटचं सांगतो—"

"काढ म्हणतो ना!"

न्सियाच्या आत काहीतरी तुटलं. वीस वर्षं, दहा दिवस, दोनदा आक्रा, एक कोंबडी. जा खड्ड्यात, तो मनात म्हणाला, जाऊ दे ते दुकान, होऊ दे कॅमेऱ्याची शोभा! त्याने कॅमेऱ्याची कळ असलेली तार अशी दाबली की तिचा जीव गेला असता.

रविवारी बैठकीच्या तासभर आधी नाना एकटेच दुकानात आले. न्सियाने फोटो समोर ठेवला.

फोटो नितळ होता. मामाच्या हातूनही इतका नितळ क्वचितच आला असेल. रिकाम्या अंगणात, घराण्याच्या प्रमुखाच्या खुर्चीत, फोसुआ मावशी ऐसपैस बसली होती. हातातली पळी राजदंडासारखी उभी, पाय मोकळे सोडलेले, चेहऱ्यावर चाळीस वर्षांत पहिल्यांदा बसायला मिळालेल्या बाईचं समाधान. उजव्या कडेला, अगदी कडेला, एक सोन्याच्या पट्ट्याची काळी चप्पल आणि तिच्यावर अर्धी पोटरी. चप्पल सगळ्या माम्पोंगच्या ओळखीची होती.

नानांनी ती चप्पल बोटाने झाकून बघितली.

"हे कुणी पाहिलंय?"

"मी. आणि आता तुम्ही."

"फिल्म कुठे आहे?"

"त्या कपाटात. कुलपात."

"दुकानाची किल्ली?"

"माझ्याकडे. तासाभरानं बाडूकडे जाईल." न्सियाचा आवाज कडू झाला होता. "मग कपाटही त्याचंच. तो मोबाइलवर फोटोचा फोटो काढून तुमच्या सगळ्या नातवंडांना पाठवेल. त्याला येतं ते."

नानांनी घसा खाकरला. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत ठेवला.

बैठकीत ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "फोटो उत्तम आला आहे. सगळं घराणं आलं आहे. दिवंगताचा मान म्हणून तो दुकानातच, कुलपात राहील. किल्ली न्सियाकडे. कायमची."

"पण दाखवा तरी!" बाडू म्हणाला.

"प्रमुखाच्या शब्दावर विश्वास नाही?" नाना असे कडाडले की बाडूने पुढे कधी तो विषय काढला नाही.

सगळे गेल्यावर फोसुआ मावशी दुकानाच्या दारात आली. सुपाची झाकलेली वाटी तिने टेबलावर ठेवली आणि थोडी घुटमळली.

"न्सिया, बाळा, या वेळी माझं काय आलं रे? कोपर?"

न्सियाने दार लावून घेतलं, कपाट उघडलं आणि फोटो तिच्या हातात दिला. मावशीने तो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग बाजूचं स्टूल ओढून ती शांतपणे बसली.

"ओरड की काहीतरी," ती म्हणाली. "तू गप्प असलास की मला भीती वाटते."

"सूप गार होतंय," न्सिया म्हणाला, आणि तेही हळू म्हणाला.