बोहनी निजामभाईच्या हातची

मुदखेडच्या स्टेशन रोडवर फोडणीच्या मुरमुऱ्यांची सुशीला विकणारं तनुजाचं 'सुशीला सेंटर' शनिवारी सकाळी सातला उघडलं आणि सव्वासातला पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. कुणीही म्हणेल, पोरीनं नशीब काढलं! पण तिचे वडील शेषेराव दोन्ही हात पसरून काउंटरला आडवे झाले.

"पैसे ठेवा खिशात. बोहनी निजामभाईच्या हातची हाय."

गिऱ्हाईक म्हणजे कापडवाले रामलिंगशेठ. ते म्हणाले, "अहो, पण मला निजामभाई..."

"तेच येऊन राहिले म्हणतो न्हवं! दम धरा जरा."

बाजारात कुकर-स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या निजामोद्दीनभाईंच्या हाताला यश आहे, हे मुदखेडात शाळेतलं पोरही सांगेल. त्यांनी पहिला रुमाल घेतला आणि रामलिंगशेठचं दुकान दुमजली झालं. त्यांनी पहिली झेरॉक्स काढली आणि ज्याचं दुकान आज बंद पडेल, उद्या बंद पडेल म्हणत होते ते झेरॉक्सवालं पोरगं आता कुणाला भेटायलाही रिकामं नसतं. शेषेराव त्यांना चारदा आवतण देऊन आले होते. "सकाळी सातला हाजर," असा शब्द मिळाला होता.

बोहनी अशी जपायला कारणही होतं. तनुजा नांदेडला एका दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. ती नोकरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "सोमवारपर्यंत जागा ठेवतो. नाही जमलं तर ये परत." आई केवळाबाईंनी सोमवारची पहिली गाडी मनात धरूनच ठेवली होती. शेषेराव मात्र म्हणाले, "दुसऱ्याच्या खुर्चीत किती दिस बसंल पोरगी? तू कर गं, मी हाय." नुसतं म्हणाले नाहीत, शेतातलं काम टाकून स्वतः टपरीला रंग दिला, पाटी लावली. तनुजानं साठवलेल्या पैशांतून मुरमुऱ्याची दोन पोती आणली, शनिवारचं एक आणि रविवारचं एक. ती विकली गेली तर पुढची येणार, नाहीतर सोमवारी दातांचा दवाखाना!

आठ वाजले. निजामभाईंचा पत्ता नाही, फोन लागत नाही. कढईतली सुशीला निवायला लागली आणि रामलिंगशेठचा चेहरा उतरायला लागला. आता सुशीला गरम असेपर्यंतच सुशीला, गार झाली की नुसते मुरमुरे.

शेषेरावांना युक्ती सुचली. "तनुजा, पैसेच न्हाई घेतले तर ती बोहनी होते का?"

"न्हाई."

"मग दे त्यायला प्लेट. चव बघतेत म्हणावं!"

एकाला चव दिली की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? मागे दोन मास्तर उभे होते. त्यांच्या मागे अख्खा रिक्षा स्टँड. तोंडात घास घेऊन जो तो म्हणायचा, "आम्हाला निजामभाईनं..." आणि शेषेराव त्याचं बोलणं तोडायचे, "निघालेत ते, निघालेत! तुम्ही खावा." साडेनवाला दुसरं पोतं फुटलं, कागदी प्लेटा संपल्या.

"घरची भांडी काढ," शेषेराव म्हणाले.

घरच्या वाट्या आल्या, ताटल्या आल्या, मग डबे आले. कुणी लेकरांसाठी डबा भरून नेला, कुणी दुकानातल्या नोकरांसाठी पातेलं. केवळाबाई धावत आल्या तोवर फडताळ रिकामं झालं होतं.

"माझा माहेरचा डबा कुठाय?"

"येईल की. नाव घातलंय न्हवं तुझं त्याच्यावर?"

"नाव हाय, पत्ता थोडाच हाय! काय माणूस हाय बाई, पोरीचं दुकान घातलं का अन्नछत्र?"

अकराला तनुजानं गॅस बंद केला. "आप्पा, दोन्ही पोती संपली. मी सोमवारी नांदेडला जाते." ती रागावली असती तर शेषेरावांना बरं वाटलं असतं. ती शांतपणे कढई घासायला वाकली. पोरीच्या पाठीशी उभं राहायला गेलो आणि तिच्याच वाटेत उभा राहिलो, एवढंच त्यांना कळत होतं.

तेवढ्यात निजामभाई आले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, एक पाय ओढत चाललेले.

"माफ करा भाई, लई उशीर झाला."

"होता कुठं तुम्ही?"

"कुठं म्हंजे? सहापासून फिरून राहिलो. रामलिंगला पाठवलं, मास्तर लोकाला पाठवलं, रिक्षावाल्यायला पाठवलं. आले न्हाईत का?"

तिसरी प्लेट संपवून बाकावर बसलेले रामलिंगशेठ उसळले. "सकाळपासून तेच सांगून राहिलो मी! हे माणूस बोलू देईल तर ना!"

शेषेराव बघतच राहिले. "मग ते हाताचं यश?"

"ह्या हातात काय हाय भाई? तीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या बसवल्या. कुणी नवं दुकान टाकलं की मी आठ दिवस गावभर सांगत फिरतो, बस. मी दुकान टाकलं तवा काळं कुत्रं फिरकत न्हवतं. तुमच्या वडलांनी, आबांनी, गल्लीगल्लीत सांगितलं, निजामोद्दीनकडं जावा, पोरगं इमानदार हाय. ते ध्यानात हाय माझ्या."

शेषेरावांनी डोळ्याला उपरणं लावलं. निजामभाईंनी नोट पुढे केली, पण कढईत तळाशी लागलेली खरवड तेवढी उरली होती. तनुजानं ती खरवडून त्यांच्या हातावर ठेवली. निजामभाई मिटक्या मारत म्हणाले, "खरवड अशी, तर सुशीला कशी असंल बेटी!" झाली एकदाची बोहनी.

संध्याकाळी पाच वाजता दारात पहिलं पातेलं आलं. आत शेर-दोन शेर शेंगदाणे. शेजारघरचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मुदखेडात कुणाला शिकवावं लागत नाही. मग रीघच लागली. वाटीत हळद, ताटलीत लिंबं, पिशवीत कांदे. झेरॉक्सवाल्यानं तर वाटीच्या बदल्यात मुरमुऱ्याचं पोतंच डोक्यावर आणलं. सगळ्यात शेवटी माहेरचा डबा आला, सुशीलेत घालायच्या भाजक्या डाळव्यानं गच्च भरलेला. केवळाबाईंनी त्यावरच्या नावावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "लोकं लई चांगली हायेत गं." तनुजानं आलेल्या प्रत्येकाला हात जोडले.

रविवारी पहाटे शेषेराव स्वतःच गावभर सांगत फिरायला निघाले. आठला दमून परतले तर टपरीपुढे ही रांग! कढईतून वाफा येत होत्या, लोक नोटा धरून उभे होते आणि तनुजा हातावर हात ठेवून बसली होती.

"अगं, देत का न्हाईस?"

"बोहनी आप्पांच्या हातची हाय," ती म्हणाली. "काढा पैसे."

शेषेरावांनी खिसे चाचपले. सदरा दुसराच घातला होता. "पाकीट घरी राहिलं गं. आणतो जाऊन, तोवर ह्यायला जरा चव..."

"न्हाई!" अख्खी रांग ओरडली.

"फुकट नका देऊ हो," रामलिंगशेठ हात जोडून म्हणाले. "कालच्याच फुकटात घरचे शेंगदाणे संपलेत."

निजामभाईंनी गुपचूप एक नोट शेषेरावांच्या मुठीत सरकवली. ती त्यांनी लेकीच्या हातावर ठेवली, पहिली प्लेट घेतली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मग तनुजानं डॉक्टरांना फोन लावला.

"सर, खुर्ची द्या दुसऱ्या कुणाला तरी. मला बसायला वेळच न्हाई."