ताजा व सुकवलेला झेंडू

नाशिकच्या एका शेतमाल विक्री केंद्रात तीन संगणकप्रणाली होत्या: एक फाटकावर, एक काट्यावर, एक लिलावात. तिन्हींचे नियम वेगवेगळे होते आणि त्यामुळे कामे नीट चालत होती. ही गोष्ट वरिष्ठांना खटकली. तिन्हीकडे एकसारखे नियम हवेत, असा हुकूम निघाला.

फाटकाचा नियम होता, 'माल ताजा असावा.' तो फुलांसाठी होता. काट्याचा नियम होता, 'माल सुकवलेला असावा.' तो कांद्यासाठी होता. नियमांची देवाणघेवाण करताना कोणता नियम कशासाठी, एवढा एक रकाना राहून गेला. नियम समन्वय अधिकारी शेखर साहेबांनी दोन्ही नियम तिन्हीकडे भरले आणि तपासणी लावली. तिन्हीकडचा मजकूर अक्षरन् अक्षर सारखा आहे का, एवढेच ती पाहत असे. तो होता. पडद्यावर 'पूर्ण सुसंगत' असे उमटले आणि साहेबांनी पेढे वाटले.

खंडेनवमीच्या सकाळी सायखेड्याच्या कुसाबाई पंधरा क्रेट झेंडू घेऊन फाटकावर आल्या. झेंडूची किंमत दसऱ्यापर्यंत. नंतर त्याला गायसुद्धा हुंगत नाही. फाटकावरच्या हर्षालीने क्रेटमध्ये ओलावा मोजायची सळई खुपसली; ताजेपणा यंत्र कॅमेऱ्यातून रंग पाहून ठरवत असे. यंत्राने चिठ्ठी दिली: 'नामंजूर. माल सुकवलेला नाही.'

"अगं पोरी, फुलं हायत ही. सुकवून काय करू?"

"मावशी, मला कळतंय. पण याला कळत नाही ना," हर्षालीने यंत्राकडे बोट दाखवले.

साहेबांना बोलावले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, फुलांकडे मात्र एकदाही पाहिले नाही. "नियम स्पष्ट आहे. उन्हात ठेवा."

कुसाबाई शहाण्या होत्या. त्यांनी पाचच क्रेट उन्हात ठेवले. दुपारी यंत्र म्हणाले, 'नामंजूर. माल ताजा नाही.'

"दोन्ही मिसळा, सरासरी निघेल," साहेबांनी तोडगा काढला. मिसळल्यावर यंत्राने एकाच चिठ्ठीवर दोन्ही कारणे छापली.

"साहेब, ताजं बी आन् सुकलेलं बी, असं फूल देवानं तरी केलंय का?"

"ते खाते आमच्याकडे नाही."

इतक्यात सजावटीचे दुकान चालवणाऱ्या मनोजचा टेम्पो आला. आत प्लास्टिकच्या झेंडूची तोरणे होती. ओलावा शून्य, रंग टवटवीत. यंत्राने 'उत्तम प्रत' अशी चिठ्ठी दिली, फाटक उघडले आणि साहेबांनी तत्परतेने टेम्पोचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवला. पहिल्याच दिवशी प्रणाली यशस्वी ठरली होती.

चार वाजता साहेब पुन्हा बाहेर आले, या वेळी जरा हळू आवाजात. "कुसाबाई, ओंजळभर फुलं द्या. आत संगणकाची पूजा मांडलीय."

"आत लय फुलं गेली की, साहेब."

"प्लास्टिकची पूजेला चालत नाहीत हो."

"मग ही फाटकातून कशी न्याल?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि रुमाल पसरला. कुसाबाईंना संताप आला होता, पण पूजेला फूल नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ओंजळ भरून दिली. ज्या प्रणालीने त्यांचा माल नाकारला, तिच्याच संगणकाच्या डोक्यावर त्या फुलांचा हार चढला. त्या दिवशी केंद्रात आत गेलेली खरी फुले तेवढीच.

संध्याकाळी कुसाबाई उरलेला माल घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या. बराच वेळ कोणी थांबले नाही. मग एक दुचाकी थांबली.

"काय हो मावशी, टिकतील का ही?"

"फुलं हायत, बाबा. उद्याचा दिवस टिकत्याल."

"एकच दिवस?" म्हणत दुचाकी पुढे मनोजच्या दुकानापाशी गेली. एवढा माल परत नेऊन उद्या पुन्हा आणायचे भाडे परवडणारे नव्हते. कुसाबाईंनी दहा क्रेट तिथेच नाल्याकाठी ओतले आणि उरलेले गाईंपुढे टाकायला घरी नेले.

त्या केंद्राला आता सुसंगतीचा पुरस्कार मिळणार आहे. यावर हसण्याआधी जरा उठा आणि दारावरच्या तोरणाला हात लावून पाहा. दसरा कधीच उलटला, तरी ते ताजे आहे ना? सुकलेलेही आहे ना? मग त्या दुचाकीवर कोण होते, हे मी सांगायला नको.