सावलीची जांभई

टण्ण! कॉफीच्या भांड्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गिरक्या घेत घेत थेट फ्रिजखाली जाऊन थांबलं. स्माराग्दा श्वास रोखून उभी राहिली. आतून आधी खोकला आला, मग हाक. संपलं! चार वर्षांची मिर्तो उठली. तीन रात्री पोर खोकत होती आणि तीन रात्री आई टक्क जागी होती.

"आजच्या दिवस घरी राहा," सासूबाई कालिरोई म्हणाल्या. "लेकराची आई आणि पुन्हा विद्यार्थिनी! वोलोसमध्ये कुणी ऐकलंय का असं?"

"नसेल, तर आता ऐकतील!" स्माराग्दाने केस बांधले. "कोपऱ्यात सावली होऊन बसायचं, एवढंच तर आहे. मिर्तोला निजवताना मी दीड-दीड तास बोटसुद्धा हलवत नाही. माझ्यासारखी सावली अख्ख्या ग्रीसमध्ये सापडायची नाही!"

मानसोपचार शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी मुरलेल्या तज्ज्ञाच्या खोलीत बसून नुसतं पाहायचं असतं. यालाच सगळे 'सावली' म्हणत. गावात अशी जागा एकच, ती पोलिक्सेनीबाईंकडे. त्यांची सही मिळाली नाही तर वर्ष बुडणार, आणि सासूबाई जिंकणार. यातलं दुसरं जास्त भयंकर होतं.

"बोलायचं नाही, मान हलवायची नाही, लिहायचं नाही," पोलिक्सेनीबाईंनी बजावलं. "तू कोपऱ्यातला दिवा आहेस. तोही विझलेला."

समोर थ्रासिव्हूलोस येऊन बसले. बोट विकून निवृत्त झालेले कप्तान. विद्यार्थिनी बसली तर चालेल, असं त्यांनीच सांगितलं होतं. चालणारच! सहा आठवडे ते येत होते आणि "बरं आहे" यापलीकडे एक अक्षर बोलले नव्हते. आजही खिडकीकडे बघत बसले. खोली उबदार, घड्याळाची टिकटिक संथ...

आणि स्माराग्दाच्या पोटातून ती निघाली. तिने दात आवळले. नाकपुड्या फुगल्या, कान हलले, डोळ्यांना धार लागली. पण धक्क्याकडे निघालेली बोट कधी हाताने थांबते का? जबडा उघडला तो असा, की अख्खं कलिंगड मावलं असतं!

थ्रासिव्हूलोस ताडकन उठले.

"आली! जांभई आली! डोळ्यांतून पाणीसुद्धा!" दृष्ट पळावी म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर फतू-फतू-फतू असं खोटंखोटं थुंकून घेतलं. "माझी आत्या दृष्ट काढायची, तिला अशीच यायची. दृष्ट जेवढी जबर, तेवढी जांभई मोठी! अगं पोरी, ही दृष्ट तर मला गिळायलाच बसली होती!"

मग ते खाली बसले आणि पाऊण तास बोलत राहिले. बोटीबद्दल, रिकाम्या सकाळींबद्दल, वारलेल्या बायकोबद्दल.

ते गेल्यावर पोलिक्सेनीबाईंनी दार लावलं. "रुग्णासमोर जांभई? उद्यापासून येऊ नकोस!"

"पण ते बोलले!"

"जांभईमुळे बोलले, शास्त्रामुळे नाही!"

"मग शास्त्राला म्हणावं, टिपून घे! मी जाणार नाही, बाई. सही द्या न द्या, पुढच्या मंगळवारी मी त्याच खुर्चीत असेन."

बाईंनी वही मिटली. "ठीक. मग त्यांना खरं काय ते तूच सांगायचं. त्याशिवाय सही नाही."

पण कप्तान तोवर थेट कॉफीच्या अड्ड्यावर पोचले होते. मंगळवारी जिन्यात सातजण! एकीच्या हातात पालक भरलेल्या खारीचं ताट, एकीकडे अंड्यांची टोपली, एका कोळ्याने चक्क बोटीचं इंजिन खांद्यावर आणलेलं. "सुरूच होत नाही हो, दृष्टच लागलीय. जांभईवाली बाई इथेच ना? एक छोटीशी दिली तरी चालेल!"

"एकोणीस वर्षं बसतेय मी इथे," पोलिक्सेनीबाई दातओठ खात म्हणाल्या. "मला कुणी एक अंडं आणलं नाही!"

आत खोलीत स्माराग्दाने थ्रासिव्हूलोसना सरळ सांगितलं, "काका, मला दृष्ट काढता येत नाही."

त्यांनी डोळा मिचकावला. "जिला खरंच येते ती कबूल करत नाही. आत्याही असंच म्हणायची."

"अहो, मी आई आहे, मांत्रिक नाही! पोर खोकते, मी जागते. तुमचा चमत्कार म्हणजे नुसता थकवा आहे. आणि त्याची मला लाज वाटत नाही!"

थ्रासिव्हूलोसनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझी बायको दोन पोरांना घेऊन एकटी जागायची. मी समुद्रावर. घरी येऊन गोष्टी सांगायला लागलो की ती जांभया द्यायची. मी चिडायचो. म्हणायचो, माझा कंटाळा आला का तुला?" त्यांनी नाक ओढलं. "एकदा तरी विचारायचं ना, की तू झोपलीस कधी?"

आणि मग... पोलिक्सेनीबाईंची हनुवटी थरथरली. नाकपुड्या फुगल्या. जांभईला पदवी कळत नाही!

"दुसरी!" डोळे पुसता पुसता थ्रासिव्हूलोस ओरडले.

बाईंनी मान वर न करता स्माराग्दाच्या कागदावर सही ठोकली.

दुपारी स्माराग्दाने तो कागद फ्रिजवर बरोबर सासूबाईंच्या नजरेसमोर चिकटवला आणि विजयी मुद्रेने अंडी उकडायला ठेवली. मिर्तो येऊन पायाला बिलगली.

"आई, आजी म्हणते तू जांभई दिलीस की लोक मनातलं सगळं सांगतात?"

"हो तर!"

"आणि तू ऐकतेस?"

"अगदी शेवटपर्यंत!"

मिर्तोने थोडा विचार केला.

"मग मी सांगत असते आणि तुला जांभई येते, तेव्हा तू 'बास आता, झोप' का म्हणतेस?"