बिनअक्षराची भिंत

पुंजाजी पेंटरनं घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चित्र काढलं आणि खाली काहीच लिहिलं नाही, इथंच सगळा घोटाळा झाला.

चित्र तसं साधंच होतं. अंगणात बाज, बाजेवर एक म्हातारा, त्याच्या शेजारची जागा रिकामी, आणि समोर स्टुलावर चहाचे दोन कप. चाळीस वर्षं पुंजाजीनं रिठदपासून मालेगावपर्यंत भिंती रंगवल्या. अक्षरांवर संसार केला, पण मनातलं एक अक्षर कधी तोंडावाटे काढलं नाही. बायको लिलाबाई लेकीचं बाळंतपण करायला तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवले काय?"

"जेवलो."

की झालं बोलणं! 'ये आता, करमत नाही' हे शब्द त्याच्या गळ्यापर्यंत यायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. घर खायला उठायचं. म्हणून शेवटी हे चित्र. रंग वाळला की शेजारच्या धम्मपालकडून फोटो काढून लेकीच्या मोबाइलवर पाठवायचा. पुढचं काय ते चित्रच बोलेल.

चित्र बोललं, पण भलत्याच लोकांशी. रंग पुरता वाळलाही नव्हता, तोच एक मोटारसायकल थांबली.

"काका, दोन चहा. एकात साखर कमी."

आता, दोष त्या माणसाचा नव्हता. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलावर कपबशी काढलेली होती आणि ती प्रत्येक कपबशी पुंजाजीच्याच हातची होती. पुंजाजीचा कप दिसला की गाडी थांबवायची, हे त्यानंच मुलखाला शिकवलं होतं. दारात येऊन चहा मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? त्यानं मुकाट्यानं स्टो पेटवला. दुसऱ्या दिवशी सोयाबीनचा ट्रक थांबला. तिसऱ्या दिवशी एका वऱ्हाडाची जीप थांबली आणि त्यातून अकरा माणसं उतरली. आठवड्याभरात गवळी न विचारता दोन लिटर दूध जास्त टाकायला लागला आणि कोणीतरी आपल्या सोयीसाठी अंगणात एक बाकडंही आणून ठेवलं.

धम्मपाल वैतागला. "काका, खाली लिहून टाका ना, 'हे हाटेल नाही' म्हणून!"

"नाही लिहत. जलमभर लोकायसाठी लिहलं. हे चित्र सोताच बोलन."

"बोलून तं राह्यलं! म्हणून तं लोक थांबून राह्यले! बरं, मले सांगा, हाटेल नाही तं दोन कप कायले काढले?"

पुंजाजी गाळणी धुवायला लागला. एवढ्या गिऱ्हाइकांत त्याला कोणीही विचारलं नव्हतं, की बाबा, ही शेजारची जागा कोणाची? त्याला रडू येत होतं, आणि लोक म्हणत होते, आलं थोडं जास्त टाका.

अखेर एका सकाळी धम्मपालनं फोटो काढला. पण समोर सहा जण चहा पीत उभे. त्यांच्या पाठीआड म्हातारा गेला, बाज गेली, रिकामी जागा तर साफच गेली. उरले दोन कप. फोटो पुण्याला पोहोचला आणि लेकीनं आईला सांगितलं, "आई, बाबानं हाटेल टाकलं."

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीतून लिलाबाई उतरली. पिशवी हातात, राग नाकावर.

"ह्या वयात हाटेल टाकलं? अन् मले सांगतलं बी नाही?"

बाकड्यावरची गिऱ्हाइकं आपोआप सरकली आणि सगळी भिंत तिच्यासमोर मोकळी झाली. तिनं पिशवी खाली ठेवली. ती पाहत राहिली आणि पुंजाजी तिच्याकडे पाहत राहिला.

"म्हाताऱ्याच्या कपातून वाफ निघून राह्यली," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्यातून नाही."

"हो."

"लय दिवसाचा थंडा झाला काय?"

"दीड वर्साचा," पुंजाजी म्हणाला.

तिनं पदरानं डोळे पुसले. "फोनवर म्हणता येत नोतं?"

"म्हणता आलं असतं, तं भिंत कायले रंगवली असती?"

"अन् मी रोज फोन कायले करत होती? तुमी 'ये' म्हणसान म्हणून! जेवले का नाही, हे का मले समजत नोतं?"

कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा डबा होता. लिलाबाईनं त्यात बोट बुडवलं, भिंतीजवळ गेली आणि दुसऱ्या कपावर वाफेची एक रेघ ओढली. रेघ वाकडी आली, मध्येच जाड झाली, खाली ओघळलीही. या भिंतीवर कोणाला एक अक्षर लिहू न देणारा पुंजाजी पेंटर ती रेघ डोळे भरून पाहत होता. आयुष्यात इतकं सुंदर काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

"हां, आता कसं!" बाकड्यावरून एक जण खुशीत ओरडला. "आता समजते चहा गरम हाय म्हणून! काकू, आमाले चार!"

लिलाबाईनं पदर खोचला.

"बसा," ती म्हणाली. "पयले आमचे दोन होतीन, मंग तुमचे."