प्रेताला अर्धा स्टार

औदुनचा खांदा त्या रविवारी दुखत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्या न दुखणाऱ्या खांद्यानेच घातला.

झालं असं, की सासरे हेर्मुंदुर यांनी घरच्या सगळ्यांना टीव्हीवरच्या नव्या पोलिसी मालिकेचा पहिला भाग बघायला बोलावलं होतं. मालिकेचं शूटिंग मागच्या शरदात शेजारच्याच फ्योर्डात, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीत, झालेलं, त्यामुळे गावात कुणाची म्हैस व्यायली असती तरी एवढी चर्चा झाली नसती. (गावात म्हैस नाही. मेंढ्या आहेत, मासे आहेत आणि चर्चा आहे.) पण औदुनला सासुरवाडीला बसून काही बघणं नको वाटे. सासूबाई रान्वेग मालिका चालू असताना बोलायच्या, आणि हेर्मुंदुर मालिका संपल्यावरही बोलायचे नाहीत. चाळीस वर्षं मासेमारी बोटीचे कप्तान राहिलेल्या त्या माणसाने बारा वर्षांत जावयाला उद्देशून जी वाक्यं उच्चारली, ती एका पोस्टकार्डावर मावली असती.

"खांदा धरलाय गं," औदुन बायकोला म्हणाला. "तू मुलांना घेऊन जा."

"बाबांनी मुद्दाम सांगितलंय, सगळे या म्हणून," ऊना म्हणाली.

"खांद्याला कुठे कळतं ते?"

ऊना गेली. औदुनने सोफ्यावर ताणून दिली, सुक्या माशाचा वाडगा पोटावर ठेवला आणि टीव्ही लावला. भाग चालू असताना ऊनाचा तीनदा फोन आला. ऐन रहस्यात फोन उचलायचा नाही हा त्याचा नियम. त्याने फोन उशीखाली सारला. शेवटी खून कुणी केला हे कळायच्या आत त्याला झोप लागली. (ती त्याला प्रत्येक सिनेमात लागते. मत द्यायला त्यामुळे कधी अडचण आलेली नाही.) सकाळी उठला तेव्हा ऊना कामावर गेलेली, आणि टेबलावर कॉफी नव्हती. कॉफी नसणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं औदुनला कळलं. काय, ते कळलं नाही.

आता औदुनचा खरा जीव होता तो सोमवार सकाळवर. नगरपालिकेत तो बर्फ काढणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लावतो. पण गावात त्याला मान होता तो सिनेमाच्या मतांमुळे. दर सोमवारी कामाआधी गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसून तो पाचपैकी स्टार देऊन आठवड्याचा निकाल लावायचा. पाणबुडीचा तो मोठा सिनेमा? "सगळे बुडतात. मध्यंतराआधी बुडवले असते तर बरं झालं असतं. दोन." राजघराण्याची ती डॅनिश मालिका? "पडदे छान. तीन." पाच त्याने आयुष्यात कशालाच दिले नव्हते. ऊनाच्या मटणाच्या सूपला एकदा चार दिले होते, आणि आठवडाभर स्वतः स्वयंपाक केला होता.

तर त्या सोमवारी त्याला वाटलं, खांदा दुखतोय असं सांगितलंय तर थोडं नाटक पुढे न्यावं. म्हणून नेहमीचं कुंड सोडून तो पलीकडच्या बेचाळीस अंशांच्या कुंडात उतरला. तिथे म्हातारी माणसं बसतात. बाहेर उणे अकरा; वाफ इतकी, की स्वतःचे गुडघे दिसेनात. नुसत्या लोकरी टोप्या तरंगताना दिसत होत्या.

"आलास का औदुन?" वाफेतून पोस्टातली आल्दीस म्हणाली. "मग? कालची मालिका?"

"फ्योर्ड चांगला दिसतो," औदुन म्हणाला. "ती पोलिसीण बाई सारखी खिडकीतून बाहेर बघते. एवढं बघण्यापेक्षा तपास केला असता तर... पण ते जाऊ दे."

"आणि प्रेत?" आल्दीसने विचारलं. इतक्या गोड आवाजात तिने आजवर कुणाला तिकीटसुद्धा विकलं नव्हतं.

"प्रेताचं नाव काढू नकोस गं!"

"का रे? सांग ना."

मग काय, औदुनला पाहिजे तेच झालं. "अगं, मासे वाळवायच्या शेडमध्ये तीन दिवस पडलेला माणूस म्हणे! पोट बघ, भात्यासारखं वरखाली. पापण्या लुकलुक. मला वाटलं, आता उठतोय आणि पोलिसांना कॉफी विचारतोय! जेवून आडवा झालेला माणूस आणि मेलेला माणूस यांत काही फरक असतो की नाही? ज्याला धड मरता येत नाही त्याने घरी बसावं."

कुणी हसलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याला संशय आला असता.

"स्टार किती?" आल्दीस म्हणाली.

"अर्धा. तोही त्याला फासलेल्या निळ्या रंगाला."

समोरच्या कोपऱ्यातून खोकला आला. बारा नाताळ औदुनने तो खोकला जेवणाच्या टेबलावर ऐकला होता. वाफ जरा हलली, आणि एक उंच म्हातारा कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागला. वर जाऊन तो थांबला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "अकरा सेकंद."

एवढंच. मग हेर्मुंदुर पाणी निथळत कपड्यांच्या खोलीकडे गेले. बेचाळीस अंशांत औदुनला थंडी वाजली.

"ते होते होय?" त्याने विचारलं.

"हो. आणि मालिकेतलं प्रेतही तेच. सगळ्या गावाला काल रात्रीच कळलं," आल्दीस म्हणाली. "तुला नाही सांगितलं ऊनाने?"

म्हाताऱ्याने कागदावर सही केली होती, की भाग दाखवेपर्यंत कुणाला सांगणार नाही. आणि ज्या गावात शिंक आली तर पलीकडच्या किनाऱ्यावर रुमाल काढतात, तिथे त्याने चार महिने ताकास तूर लागू दिली नव्हती. निळ्या रंगाखाली आणि मिठाच्या पपुद्र्याखाली जावयाने त्याला ओळखलं नाही. जावई पापण्या मोजत होता.

संध्याकाळी ऊना बटाटे सोलत होती. औदुन दारात उभा राहून म्हणाला, "मला काय माहीत ते बाबा होते? तू फोनवर एक मेसेज तरी टाकायचास, की प्रेत आपलं आहे!"

ऊनाने सुरी खाली ठेवली. "मी त्यासाठी फोन केला नव्हता. प्रेत दाखवून झाल्यावर बाबांनी टीव्ही मध्येच बंद केला आणि सांगितलं, त्यांची फुप्फुसं गेलीत. डॉक्टरांनी शरदातच सांगितलं होतं. फार तर वसंत बघतील." ती थांबली. "श्वास अकरा सेकंदांच्या वर धरता येत नाही त्यांना. नऊ वेळा तो शॉट घेतला. थंडीत, गार जमिनीवर. आणि तू म्हणतोस, पोट हलत होतं."

औदुन खुर्चीवर बसला. खुर्चीवर मुलांचे बर्फातले बूट होते, त्यांच्यावर बसला आणि तसाच बसून राहिला. त्याला फार लाज वाटली. बायकोसमोर लाज वाटायची त्याला सवय होती. ही वेगळी होती. ती एकट्यानेच सोसायची होती.

दुसऱ्या दिवशी तो केक घेऊन सासऱ्यांकडे गेला. हेर्मुंदुर खिडकीपाशी बसले होते. नाकात नळी, शेजारी धापा टाकणारं यंत्र.

"मी परत बघितलं," औदुन म्हणाला. "चार वेळा. फार छान मेलात तुम्ही."

"पापण्या?"

"वाऱ्याने हलत असतील."

"शेडमध्ये?"

औदुनने केक या हातातून त्या हातात घेतला. स्वयंपाकघरातून रान्वेग म्हणाल्या, "केक तरी ठेव खाली, तिरका झालाय." तो तिरका केक खाली ठेवून तो निघाला, तेव्हा म्हातारा मागून म्हणाला, "उद्या तीन वाजता ये. तो पाणबुडीवाला लाव. बघू, ते कसे मरतात."

औदुन गेला. परवाही गेला. त्या हिवाळ्यात बर्फाच्या गाड्या कुठेही, कशाही फिरल्या, कारण त्यांचं वेळापत्रक लावणारा माणूस रोज तीनला सासऱ्यांच्या सोफ्यावर असायचा. दोघांनी मिळेल ते पाहिलं: खुनाच्या मालिका, युद्धाचे सिनेमे, एक प्रेमकथा (नायिका क्षयाने जाते, म्हणून). हेर्मुंदुर आता या धंद्यातले जाणकार होते.

"खांद्याने श्वास धरलाय त्याने. कच्चा आहे," ते म्हणायचे. किंवा, "ही चांगली मेली. बोटं बघ."

"तीन?"

"साडेतीन. बोटांना."

मधेच यंत्र जोरात धापा टाकू लागलं की औदुन चित्र थांबवायचा. दोघं थांबलेल्या चित्राकडे बघत राहायचे, आणि रान्वेग विणकामाच्या सुया खाली ठेवायच्या. मग म्हातारा बोट हलवायचा, म्हणजे चालू कर. औदुनने ठरवलं होतं, एकदा योग्य वेळ बघून नीट माफी मागायची. योग्य वेळ अशी सापडेना. कुणीतरी मरत असायचं.

एप्रिलात हेर्मुंदुर यांना इस्पितळात हलवलं. तिथे एका दुपारी त्यांनी हाताने खूण करून टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितला.

"सगळ्यांनी कौतुक केलं," ते थांबत थांबत म्हणाले. "पाद्री म्हणाला, अगदी जिवंत वाटत होतास."

"पाद्री चांगला माणूस आहे," औदुन म्हणाला.

"गाढव आहे. खरं एकटा तू बोललास. आता परत सांग. किती?"

औदुनने तोंड उघडलं. ओठांवर पाच आला होता.

"खोटं बोललास, तर रान्वेगला सांगून तुला माझ्या शवपेटीजवळसुद्धा येऊ देणार नाही."

औदुनने खाली बघितलं. सासऱ्यांचा हात पांघरुणावर होता. नखं त्या मालिकेतल्यासारखीच निळी, पण रंग न लावता.

"दीड," तो म्हणाला.

हेर्मुंदुर हसले. हसताना खोकले, आणि नर्स धावत आली. "अर्धा होता," ते तिला सांगत होते, "एक वाढला." मग जावयाकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी बघ."

पुढची वेळ आठ दिवसांनी आली.

पेटीत ठेवायच्या विधीला फक्त घरची माणसं होती. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, तोंडावरचं पांढरं कापड दूर झालं. एकेकाने जाऊन कपाळावर बोटाने क्रूस काढला: रान्वेग, ऊना, मग नातवंडं. औदुन शेवटी गेला. तो उभाच राहिला, आणि हटेना. सवयच लागली होती. त्याची नजर आधी पोटाकडे गेली, मग पापण्यांकडे. तो वाट बघत होता. अकरा सेकंद झाले, बारा झाले, वीस झाले. पापणी हलली नाही. बारा वर्षांत जे जमलं नाही ते या चार महिन्यांत जमलं होतं, त्याला सासरा मिळाला होता. आणि पोट हलत नव्हतं.

"औदुन," रान्वेग हळूच म्हणाल्या, "त्याने तुला विचारायला सांगितलंय. किती?"

पाद्र्याने प्रार्थनेच्या पुस्तकातून डोकं वर केलं. ऊना नवऱ्याकडे बघत होती.

"पाच," औदुन म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. रडू म्हणजे काय, बर्फाची गाडी पहिल्या गिअरमध्ये घाट चढावी तसा आवाज. मुलं दचकली. पाद्री एक पाऊल मागे सरला. औदुनने पेटीची कड धरली आणि आणखी मोठ्याने रडला.

रान्वेगनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला आणि चष्मा लावला.

"हे त्याने मागच्या आठवड्यात सांगितलं, मी लिहून घेतलं," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "औदुन पाच देईल. आणि मग रडेल. त्याला सांग, आवाज फार, पाणी कमी. दोन."