बारा पावलांचा अँप्लिफायर

सकाळी उठल्यावर माणूस देवाला हात जोडतो, चहा टाकतो. आमचे शेजारी सोपानअण्णा पायमोजे उलगडतात. नातवंडांचे चार लोकरी पायमोजे, आणि प्रत्येकात जुन्या रेडिओचा एकेक काचेचा व्हॉल्व्ह. "काय मंडळी, झोप झाली का?" असं विचारून ते एकेकाला उजेडात धरतात, फुंकर मारतात आणि परत मोज्यात निजवतात. बायकोची, म्हणजे काकूंची, इतकी चौकशी त्यांनी कधी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

अण्णांचं नगरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करून शनिशिंगणापूरला घरी आले, तेव्हा हे चार व्हॉल्व्ह तेवढे बरोबर आले. त्यांतून गिटारचा अँप्लिफायर बनवायचा, हा गेल्या दोन वर्षांचा उद्योग. अण्णांना गिटार वाजवता येत नाही. घरात गिटार नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्ये मागून बघू, बाई." मी शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्या गावाची मी बाई.

त्यांचं सगळंच असं उलटं. "हाय त्यात बसवायचं!" हा त्यांचा मंत्र. एकदा ट्रंकेत पाच छान शिंपल्याची बटणं सापडली, म्हणून त्यांनी शर्ट शिवायला टाकला. बटणं पाचच, म्हणून शर्ट बेंबीपाशी संपला. इतर लोक आधी सर्किट काढतात आणि मग सामान आणतात. अण्णा चार व्हॉल्व्ह समोर मांडून, त्यांच्या कलाकलाने, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर सर्किट काढत बसतात. त्यामुळे गावात कुणाचं लग्न ठरलं की सगळ्यांत जास्त आनंद अण्णांना होतो.

आता आमच्या गावात घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. कुणीही कधीही आत येतं. "चोराचं भ्या न्हाई मला," अण्णा म्हणायचे, "पन लोकान्ला हात लावून बघायची लई खोड हाय." एका शनिवारी कुणी भाविक वाट चुकून थेट त्यांच्या ओसरीत शिरला. समोर काळी पेटी, आत चार लालसर ज्योती. त्याने चप्पल काढली, हात जोडले आणि तेलाची बाटली तिरकी केली.

"तेल नगं! तीनशे व्होल्ट हाय त्यात!" अण्णा धोतर सावरत ओरडले. भाविकाने घाबरून दोनदा डोकं टेकवलं आणि निघून गेला.

खरी अडचण मोठ्या दोन व्हॉल्व्हची होती. जोडीने जोर लावायचा तर दोघं सारखे हवेत. इथे एक तापून लालबुंद, तर दुसरा कोमट. "एका आईची लेकरं, पन एक वढतंय आन् दुसरं नुसतं बसून खातंय," अण्णा चरफडले. शेवटी एकट्यावरच भागवायचं ठरलं. आवाज निम्म्यावर आला.

"अहो, मग ऐकू कुठवर जाणार?"

"बारा पावलं. तेवढं लई झालं."

बारा पावलं म्हणजे कुठवर, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. समोर बारा पावलांवर दत्तूकाकांचा, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाचा ओटा. काका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. नऊ वर्षांपूर्वी, त्यांच्या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी अँप्लिफायर बंद पडला. अण्णांनी हाय त्यात बसवलं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. दुसऱ्याच गाण्याला अँप्लिफायरमधून धूर निघाला आणि मांडवभर माणसं हसली. काकांनी गिटार खोळीत घातली, ती परत काढली नाही. भावाशी बोलणंही तिथेच संपलं. समोरच्या घराला दार नव्हतं, पण नऊ वर्षांत अण्णा त्या चौकटीतून आत जाऊ शकले नाहीत. मला या गोष्टीचं फार वाईट वाटायचं.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी अँप्लिफायर पुरा झाला. अण्णांनी मला समोर पिटाळलं. "दत्तूला इचारा, त्याच्या गिटारची पिन जाड हाय का बारीक. माझं नाव मातुर घिऊ नगा."

मी जाऊन विचारलं. "कोनी पाठवलं?" काका म्हणाले.

"कुणी नाही. सहज विचारते आहे."

काकांनी मान डोलावली. माझ्यासारख्या भूगोलाच्या बाईला गिटारच्या पिनेची सहज काळजी वाटावी, यात त्यांना काही वावगं दिसलं नसावं.

अर्ध्या तासाने ते खोळ खांद्याला लावून अण्णांच्या चौकटीत उभे. कुणाकडे न बघता आत आले, अँप्लिफायरची वायर प्लगमधून उपसली, पेटी उलटी केली.

"फ्यूज कसला घातलाय?"

"खरा," अण्णा म्हणाले. "नगरहून इकत आनलाय. चार आनलेत."

काकांनी फ्यूज काढून उजेडात बघितला, परत बसवला आणि वायर लावून पिन खोचली. तार छेडली. नऊ वर्षं खोळीत पडलेली तार ती, असली बेसूर वाजली की काकू आतून बाहेर आल्या.

"दत्तू," अण्णा म्हणाले. "माझं लई चुकलं रं..."

"थांब जरा," काका खुंट्या पिळत म्हणाले. "आधी सूर लागू दे."

सूर लागायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ अण्णा स्पीकरसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. ते रडत होते, आणि आम्ही बघतोय याची त्यांना काही फिकीर नव्हती.