निळ्याला चिठ्ठ्या कोण लिहितं?

भगवान रोकडे यांच्या कार्डावर छापलं होतं: 'भगवान रोकडे, गुप्त अन्वेषक. सूक्ष्म निरीक्षण, अचूक निष्कर्ष. एकतीस वर्षांत एकही प्रकरण न सुटता राहिलेलं नाही.' पत्ता नव्हता, फोन नंबरही नव्हता. स्वतःला गुप्त म्हणवायचं आणि खाली पत्ता छापायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. एकतीस वर्षांचं विधान मात्र अक्षरशः खरं होतं. ती सगळी वर्षं त्यांनी टपाल खात्यात सॉर्टिंगच्या टेबलावर काढली होती आणि तेवढ्या काळात त्यांच्याकडे एकही प्रकरण आलेलं नव्हतं.

कार्ड छापलं होतं मायाने. माया ही त्यांची भावजय, धाकट्या भावाची बायको. कल्याण स्टेशनजवळ तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. निवृत्त झाल्यापासून भगवानराव त्या दुकानातल्या एका स्टुलावर बसत आणि त्या स्टुलाला 'कार्यालय' म्हणत. मायाला त्यांनी साहाय्यक नेमलं होतं. नेमणुकीच्या वेळी तिला विचारलं नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

एका गुरुवारी दिशा भोईर नावाची तरुणी दुकानात झेरॉक्सला आली. ती कल्याणच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. काचेला चिकटवलेलं कार्ड तिने दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, की हे गृहस्थ कसे आहेत. खोटं बोलायचं मायाच्या जिवावर यायचं, त्यामुळे ती विचार करून म्हणाली, "वेळेवर येतात."

तेवढ्यावर दिशाने प्रकरण सांगितलं. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, एका नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर ती, नवरा देवेश आणि सासरे पंढरी असे तिघं राहत होते. देवेशने दिवाळीत टीव्हीला जोडायचा खेळाचा कन्सोल घेतला होता. त्यात एक सुपरहिरो होता. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि हिरोचा पोशाख निळा होता, म्हणून घरात त्याला निळ्या म्हणत. निळ्याने बुडणारं शहर वाचवायचं होतं. पण नवव्या टप्प्यातल्या भुयारी जलकेंद्रात तो तीन आठवडे अडकून पडला होता. देवेश ठाण्याच्या ऑफिसातून संध्याकाळी यायचा, निळ्याला बुडवायचा आणि न बोलता जेवायचा.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेल्या, कंट्रोलरच्या खाली ठेवलेल्या. पहिली होती: 'उडू नको. उडून दम जातो. जिन्याने जा.' देवेशने निळ्याला जिन्याने नेलं, तर पहिलं दालन पार झालं. दुसरी चिठ्ठी: 'लाल डोळ्याच्याला मारू नको. तो वाट दाखवतो. मागून जा.' तेही बरोबर निघालं.

"पण लिहितं कोण?" दिशा म्हणाली. दिवसभर घरात फक्त बाबा, आणि ते दुपारी बारा ते चार झोपलेले असतात. म्हणजे त्या वेळात कुणीतरी परका माणूस घरात येतो, टीव्हीसमोर बसतो आणि जातो. उद्या बाबांना काही केलं तर? तिने आणि देवेशने ठरवलं होतं, की रविवारी बाबांना आंबिवलीला त्यांच्या मुलीकडे, सगुणाताईंकडे, राहायला पाठवायचं. कायमचंच. बाबा काही बोलले नाहीत. बॅग भरायला मात्र त्यांनी घेतली होती.

भगवानरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना झोप लागली की ते विचार करताहेत, हे मायाला सहा वर्षांत कधीच नक्की कळलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दोघं डोंबिवलीला गेले. भगवानरावांनी आधी दाराचं कुलूप भिंगातून पाहिलं, मग पायपुसणं पाहिलं, मग ते उलटं करून पाहिलं. आत आल्यावर त्यांनी निळ्याचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचं ठरवलं. गुन्हेगाराच्या जागी बसल्याशिवाय त्याचं मन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कंट्रोलर त्यांनी उलटा धरला होता. निळ्या अकरा वेळा पाण्यात पडला. त्यातल्या दोन वेळा तर पाणी जवळपास कुठेही नव्हतं.

मग त्यांनी साक्षीदार तपासला. पंढरी भोईर बाल्कनीतल्या खुर्चीवर बसले होते. सत्तरीचे, उन्हाने रापलेले, पांढऱ्या सदऱ्यातले. समोर खाडी आणि तिवरांची झाडी दिसत होती. कन्सोल घरात आला त्या दिवशी त्यांनी त्याला 'रिकामटेकड्यांचा डबा' म्हटलं होतं आणि तो परत करून यायला सांगितलं होतं, ही माहिती देवेशने आधीच पुरवलेली होती.

भगवानरावांनी विचारलं, की दुपारी टीव्हीसमोर कुणी परका माणूस बसलेला पाहिला का.

"परका नाय बघितला," पंढरी म्हणाले.

काही आवाज? पंढरींनी जरा विचार केला आणि सांगितलं, की पाण्याचा येतो. भगवानरावांनी वहीत 'गळती' असं लिहून खाली रेघ मारली आणि पुढची वीस मिनिटं बाथरूममध्ये घालवली. बाहेर आले तेव्हा त्यांची एक बाही ओली होती आणि नळ पूर्वीपेक्षा थोडा जास्त गळत होता. साक्षीदाराबद्दल त्यांनी नोंद केली: 'वयस्क. सज्जन. तपासाला निरुपयोगी.'

तेवढ्यात दिशाने तिसरी चिठ्ठी आणून दिली. ही शुक्रवारी आली होती आणि तिचा अर्थ देवेशलाही लागत नव्हता. 'आधी लांबची उघाडी उघड. जवळची मागून. पाणी चढत असेल तेव्हा हात लावू नको.'

भगवानरावांनी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. खेळ हा निव्वळ बहाणा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. या चिठ्ठ्या एका टोळीचे आपसातले निरोप आहेत. 'जिन्याने जा', कारण लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. 'लाल डोळ्याचा' म्हणजे खालचा वॉचमन, ज्याचे डोळे आलेले त्यांनी येतानाच हेरले होते. 'मारू नको, तो वाट दाखवतो', याचा अर्थ तो सामील आहे. आणि 'उघाडी' असा शब्दच नाही. लिहिणाऱ्याला 'उघडी' लिहायचं होतं, घाईत एक काना जास्त पडला. आधी लांबची उघडी, म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी.

सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून कोण येणार, असं देवेशने विचारलं. पाइपने, असं उत्तर आलं. मग जिन्याने जायला का सांगितलंय, असं मायाने विचारलं.

"दिशाभूल," भगवानराव गंभीरपणे म्हणाले.

"माझी काही भूल नाहीये हं," दिशा म्हणाली.

चिठ्ठ्या फक्त कामाच्या दिवशी येतात, शनिवार-रविवार येत नाहीत, हे ऐकल्यावर टोळीचा म्होरक्या सरकारी नोकर असावा, हाही निष्कर्ष त्यात जमा झाला. तो काढताना भगवानरावांचा चेहरा थोडा पडला होता. शेवटी त्यांनी सगळ्यांच्या अक्षराचे नमुने घेतले. देवेशचा, दिशाचा, वॉचमनचा आणि खबरदारी म्हणून मायाचाही. पंढरींचा घेतला नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, त्याला उगाच कशाला त्रास, असं ते म्हणाले.

 टोळीचं काही मायाला पटलं नव्हतं, पण परतताना तिच्या डोक्यात टोळी नव्हतीच. आतल्या खोलीत पलंगावर ठेवलेली बॅग तिने पाहिली होती. त्यात दोन सदरे, एक टॉवेल आणि औषधांचा डबा होता. कायमचं जाणाऱ्या माणसाने इतकं थोडं भरलेलं तिला बघवलं नव्हतं.

रविवारी सकाळी भगवानरावांनी सगळ्यांना हॉलमध्ये हजर राहायला सांगितलं होतं. ते आणि माया टॉवरच्या फाटकाशी पोचले तेव्हा वॉचमन त्याच्या खुर्चीवर नव्हता. तो डोळ्यांत थेंब घालायला दवाखान्यात गेला होता. 'पळाला,' असं म्हणून भगवानराव लगबगीने आत गेले. माया मागे राहिली, कारण फाटकाजवळ ठमाबाई नावाची मासळीवाली पाटी घेऊन बसली होती आणि बोंबील ताजे दिसत होते.

बोंबील निवडता निवडता मायाने सहज विचारलं, की मावशी, उघाडी म्हणजे काय हो.

ठमाबाईने तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने भात म्हणजे काय असं विचारलं. "उघारी म्हंजे उघारी. खारीच्या बांदाला फळ्यांचा दरवाजा नसतो का, त्यो. भरती आली का लावाचा, सुकती लागली का उघराचा. नायतर सगलं शेत खारट." मग हाताने टॉवरकडे दाखवत ती म्हणाली, "ह्यो सगला बांद होता इथं. पंढरीशेटच तं होता उघारीवर. पोरं बुडू नाय दिली त्यानं कुनाची, ना शेतं."

मायाने बोंबील तिथेच ठेवले आणि ती लिफ्टकडे गेली.

वर हॉलमध्ये भगवानराव उभे राहून बोलत होते. टोळीचे चार सदस्य त्यांनी मोजून दाखवले होते आणि पाचव्यावर आले होते. दिशा हातावर हनुवटी टेकून ऐकत होती. देवेशने ऐकता ऐकता कंट्रोलर हातात घेतला होता आणि टीव्हीवर निळ्या भुयारात कमरेइतक्या पाण्यात उभा होता. समोर तीन लोखंडी दरवाजे होते. बॅग दाराशी होती. पंढरी तिच्या शेजारी स्टुलावर बसले होते, बाहेर जायच्या चपला घालून, आणि त्यांची नजर टीव्हीवरून हलत नव्हती.

देवेशने निळ्याला जवळच्या दरवाजाकडे नेलं. पंढरींचा हात गुडघ्यावरून अर्धा उचलला गेला आणि परत खाली आला. मायाने ते पाहिलं.

भगवानराव खिडकीच्या पाइपापर्यंत पोचले होते. त्यांचं वाक्य संपेपर्यंत ती थांबली नाही. "बाबा," तिने विचारलं, "इथे बांध होता तेव्हा उघाडी कोण बघायचं?"

"मीच," पंढरी टीव्हीकडे बघतच म्हणाले. "बावीस वर्षं." आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं.

 पडद्यावर निळ्या शांतपणे बुडाला.

देवेश मागे वळला. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे, मग पुन्हा वडिलांकडे. दुपारी झोपत नाही का तुम्ही, असं त्याने विचारलं, तेव्हा पंढरींनी मान हलवली. मग त्यांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. बायको गेल्यापासून दुपारची झोप लागत नव्हती. तीन आठवडे ते संध्याकाळी पोराच्या मागे बसून बघत होते आणि तो तीच चूक पुन्हा पुन्हा करत होता. एक दिवस घरात कुणी नसताना त्यांनी डबा लावून पाहिला. पाणी कसं चढतं, कसं उतरतं, एवढंच त्यात कळायला हवं होतं, आणि ते त्यांना कळत होतं. पण डबा परत कर म्हणून आपणच सांगितलेलं, आता त्याच्यासमोर बसतो हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून चिठ्ठ्या.

"रोज हरून यायचास," ते म्हणाले. "ऑफिसात काय होतं ते सांगत नाहीस. तिथं मना काय करता येत नाय. इथं येत होतं."

 उघाडी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, असं देवेश म्हणाला. पंढरी म्हणाले, की तुला कोण सांगणार होतं, तू शाळेत जायला लागलास तेव्हा बांध गेलाच होता.

या सगळ्यात भगवानराव पाइपाच्या मुद्द्यावर बोट ठेवून तसेच उभे होते. आता त्यांनी घसा साफ केला. हीच शक्यता आपल्या मनात पहिल्यापासून होती, असं ते म्हणाले, फक्त इतर सर्व शक्यता आधी संपवणं शास्त्राला धरून होतं. मायाने त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले.

देवेशने सरकून सोफ्यावर जागा केली आणि कंट्रोलर वडिलांच्या पुढे धरला. पंढरींनी चपला काढल्या. ते चष्मा लावून बसले, पाणी उतरेपर्यंत निळ्याला जिन्यावर थांबवून ठेवलं आणि मग पलीकडचा दरवाजा आधी उघडला. जलकेंद्र पार झालं. दहावा टप्पा सुरू झाला तसे ते थांबले. इथे चार दिवस अडकलोय, असं त्यांनी सांगितलं. भिंतीवर इंग्रजीत काहीतरी लिहून येतं आणि वाचायच्या आत जातं. देवेश पुढे सरकला आणि भिंतीवरचं मोठ्याने वाचू लागला. बंदर. मुख्य दरवाजे. समुद्र चढतो आहे. पंढरी ऐकत होते आणि किती पाणी, कुठल्या बाजूने, असं मधेच विचारत होते.

दिशा उठली. दाराशी ठेवलेली बॅग तिने आत नेली आणि आतून कपाटाचं दार वाजलं. येताना ती सगळ्यांसाठी चहा टाकूनच आली.

अकरा वाजता पंढरींचा फोन वाजला. आंबिवलीहून सगुणाचा होता. बाबा निघाले का, स्टेशनवर कधी यायचं, असं ती विचारत होती. पंढरींना दोन्ही हात मोकळे नव्हते, म्हणून फोन मायाने त्यांच्या कानाला लावून धरला.

"आज नाय जमत," ते म्हणाले. "मी नि देवेश पाण्यात आहोत."

पलीकडून सगुणाचा आवाज एकदम चढला. कुठल्या पाण्यात, किती पाण्यात, कुणी आहे का तिथे, असं ती विचारायला लागली. पंढरी काही ऐकत नव्हते, देवेशही नाही. भगवानराव खुर्ची ओढत ओढत एव्हाना टीव्हीपासून हातभर अंतरावर येऊन पोचले होते. त्यांनी मायाच्या हातातून फोन घेतला, पण नजर पडद्यावरच ठेवली.

"नमस्कार ताई, मी गुप्त अन्वेषक भगवान रोकडे," ते म्हणाले. "घाबरू नका. मी स्वतः जागेवर आहे. पाणी उतरतंय."